गज टेकवण्याआधी

३ फेब्रुवारी

चि. भावजी यांस अ. उ. आ.

पत्र बघून दचकाल. पण फोनवर तुम्ही बरं आहे ना विचारता, मी बरं आहे म्हणते, आणि तेवढ्यावर बोलणं संपतं. मला बरं नसलेलं लिहायचं आहे.

हे जाऊन अकरा महिने झाले. यांच्या वाजवण्याची अकरा मुद्रणं तुम्ही कॉम्प्युटरवर घालून दिली होतीत, ती मी आता कुठे ऐकायला घेतली. व्हायोलिन ऐकू येतं. हे ऐकू येत नाहीत.

तुम्हाला ठाऊक आहे, गज तारेवर टेकवण्याआधी हे श्वास घ्यायचे आणि अगदी हळू ‘हं’ म्हणायचे. जणू तारेला विचारायचे, येऊ का. सव्वीस वर्षं मी तो हुंकार स्वयंपाकघराच्या भिंतीतून ऐकला. भाजी चिरताना हात थांबायचा. तो या मुद्रणांत कुठेच नाही. कॉम्प्युटर गिळतो आहे. दुकानदार म्हणाला, जुन्या यंत्राचा घसाच तसा, नवीन घ्या. मी म्हटलं, घसा माझाही जुनाच आहे, म्हणून मी बदलला नाही. तुमचा जन्म रेडिओच्या मुद्रणखोलीत गेला. काय करू ते नीट लिहा. सातवीपर्यंतच शिकले असले तरी वाचलेलं मला कळतं.

बाकी, यांची खुर्ची एकदाची सुताराकडून दुरुस्त करून घेतली. अठरा वर्षं कुरकुरत होती आणि हे हात लावू देत नव्हते, म्हणायचे ती सुरात आहे. आता सरस आणि चार स्क्रू लावून मुकी केली आहे.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लांबवू नका.

तुमची वहिनी

१५ फेब्रुवारी

ती. वहिनीस शि. सा. न.

खुर्चीची लढाई शेवटी तुम्ही जिंकलीत म्हणायची. दादा असता तर आठवडाभर उभ्याने वाजवून निषेध केला असता.

आता कामाचं. पहिलं, आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘आवाज सुधारा’ अशा अर्थाची जी काही बटणं दिसतील ती सगळी बंद करा. सुधारणारेच जास्त बिघडवतात. दुसरं, मुद्रणं सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर मापांनी केलेली आहेत आणि तुमचा कॉम्प्युटर अठ्ठेचाळीस हजारांवर लावलेला असणार. तो प्रत्येक सूर नव्याने मोजून पुढे पाठवतो. दोन्ही आकडे एक करा. तिसरं, सोबत एक डबी पाठवतो आहे, तिला डॅक म्हणतात. कॉम्प्युटरच्या पोटात इतर कामांची खुडबुड चालू असते, म्हणून आकड्यांचा आवाज बाहेर, या डबीत करायचा. वाजवायचा प्रोग्रामही वेगळा घाला. नाव चिठ्ठीवर लिहिलं आहे. तो मधे कुणाला हात लावू न देता सगळं थेट डबीकडे देतो.

एवढ्याने व्हायोलिन खुलेल. बाकी फार आशा धरू नका, वहिनी. मुद्रण म्हणजे माणूस नव्हे.

माया आहे तशीच असू द्यावी.

तुमचा धाकटा दीर

२ मार्च

चि. भावजी यांस अ. उ. आ.

डबी पोचली. सगळं केलं. दोन आकडे एक करायला तीन दिवस लागले, कारण एका जागी बदललं की दुसऱ्या जागी जुनाच दिसायचा. वाचनालयातून ध्वनीवरचं पुस्तक आणलं. अर्धं डोक्यावरून गेलं. उरलेल्या अर्ध्यातून कळलं की स्पीकर भिंतीला चिकटवायचे नसतात. ते पुढे ओढले, खाली दोन-दोन विटा ठेवल्या. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर होती, म्हणून लांब वायर घेऊन तो शेजारच्या खोलीत नेला. शेजारीण विचारत होती, घर बांधायला काढलंत का.

आणि भावजी, खोली ऐकू यायला लागली. गजाला लावलेल्या राळेची खरखर येते. करंगळीचं नख तारेला लागतं ते कळतं. चौथ्या मुद्रणात भिंतीवरचं घड्याळ टिकटिकतं. तेच घड्याळ आत्ता माझ्या डोक्यावर आहे. त्या दिवशी मी पोटभर जेवले.

‘हं’ मात्र अजून नाही. पण राळ आली, नख आलं, घड्याळ आलं, तर तेही मागे कुठेतरी रांगेत उभं असेल. आता चांगले हेडफोन घेते. आणखी काय करू?

पत्राची वाट बघते.

वहिनी

८ मार्च

ती. वहिनीस शि. सा. न.

हेडफोन नका घेऊ. केलंत ते पुष्कळ झालं, आमच्या केंद्रातही यापेक्षा चांगलं ऐकू येत नाही. आता हे सोडा आणि चार दिवस इकडे राहायला या.

कामाच्या घाईत आहे, थोडक्यात आवरतो. राग नसावा.

धाकटा

१४ मार्च

चि. भावजी यांस अ. उ. आ.

चारच ओळींचं पत्र तुम्ही मला कधी लिहिलं नव्हतं. म्हणून मी हेडफोन घेतले.

चौथं मुद्रण लावलं, कागद घेतला आणि घड्याळाच्या प्रत्येक टिकेला एक रेघ ओढत गेले. व्हायोलिन चालू असतं तेव्हा मागे टिकटिक असते. सूर संपून तार शांत होते तेव्हाही असते. पण हे गज टेकवणार, त्याच्या आधी दोन सेकंद घड्याळ थांबतं. दर वेळी. टिकटिक नाही, खोली नाही, काहीच नाही. विहिरीत बघावं तसं. मग एकदम सूर. सगळी अकरा तपासली. एकूण त्रेचाळीस जागा.

यंत्र विसरेल, पण नेमकं तिथेच विसरणार नाही. ते कुणीतरी कापलं आहे. हे काम तुम्हालाच येतं. मला खरं लिहा. रागावायचं की नाही ते मग ठरवीन.

वहिनी

२७ मार्च

ती. वहिनीस शि. सा. न.

मीच कापलं.

मुद्रण झालं तेव्हा दादाच्या छातीत पाणी होतं. प्रत्येक सुराआधी श्वास घ्यायचा तो शिट्टी वाजल्यासारखा यायचा. त्याने ऐकलं आणि म्हणाला, हे काढून टाक. तिचे कान तिखट आहेत, म्हणाला. मी गेल्यावर ती सूर ऐकणार नाही, श्वास मोजत बसेल. ‘हं’ त्या श्वासातच गुंतलेला होता. तो सोडवायचा मी दोन दिवस प्रयत्न केला, जमला नाही. मग दोन्ही गेले.

मूळ प्रत कधी पुसायची नाही, हा आमच्या कामातला पहिला नियम. दादा शेजारी बसून होता. त्याने माझ्याकडून शपथ घेतली आणि मी डोळ्यांदेखत पुसली. दुसरा नियम असा, की कापलेल्या जागी त्याच खोलीची शांतता भरायची, रिकामी जागा सोडायची नाही. तो मी विसरलो. पहिल्या वर्षाचा उमेदवारही विसरत नाही. तेव्हा मला कॉम्प्युटरचा पडदा नीट दिसत नव्हता, वहिनी.

म्हणून डबी लावा की हेडफोन लावा, तिथे काही नाही. मी हे आधीच सांगायला हवं होतं. पण तुमचं पहिलं पत्र वाचून हिंमत झाली नाही, आणि दुसरं वाचल्यावर तर नाहीच.

एकच राहिलं आहे. सातव्या मुद्रणाच्या शेवटी, मी बंद करायच्या आत दादा उठला. खुर्ची कुरकुरली. तार अजून वाजत होती, म्हणून ती कुरकुर कापता आली नाही.

क्षमा मागत नाही, मागायला तोंड नाही.

धाकटा

११ एप्रिल

चि. भावजी यांस अ. उ. आ.

यांनी सांगितलं आणि तुम्ही केलं. यांच्यापुढे नाही म्हणायला मलाही कधी जमलं नाही, तर तुम्हाला काय बोलू. पण एक लिहून ठेवते. शेवटचे चार महिने मी ते श्वास मोजतच होते, रोज, भिंतीआडून. मला ते पाठ होते. ते माझ्यापासून लपवायचे हे दोघांनी कसं ठरवलंत?

सातवं मुद्रण ऐकलं. शेवटचा सूर विरत येतो आणि त्यात ती कुरकुर आहे. हे आधी पुढे वाकायचे, मग उजव्या हातावर भार देऊन उठायचे. ते दोन्ही ऐकू येतं. तुमची डबी चांगली आहे. आहे ते सगळं देते.

काल सुताराला बोलावलं आणि सांगितलं, स्क्रू काढ, सरस खरवड, खुर्ची होती तशी कर. तो म्हणाला, बाई, चाळीस वर्षांत असं काम कुणी सांगितलं नाही. पण त्याने केलं. तो गेल्यावर मी तिच्यात बसले, पुढे वाकले आणि उजव्या हातावर भार देऊन उठले.

कुरकुरते. पण तो सूर नाही.

तब्येतीला जपा. आणि यापुढे जे असेल ते न कापता कळवत जा, एवढीच माया मागते.

तुमची वहिनी