मागून रंगवलेला चेहरा

अहमदनगर,
ता. ४ मार्च १९७३

प्रभूमध्ये विसावलेली हन्ना पीटर पारधे हिस,

सप्रेम सलाम. हे पत्र तुला पोचवील असे टपालखाते नाही, हे मी जाणतो. तथापि तुझ्याशी बोलण्याची दुसरी रीत मला सापडलेली नाही. तुझी कामाची खोली घरमालकीण झुंबरबाई यांनी महिनाअखेरपर्यंत राहू दिली आहे. मी तेथे नुसता बसतो व धूळ खातो, असे त्यांचे मत आहे.

तुझा कार्टूनपट अर्धाच राहिला. जग कोरडे पडल्यावर उरलेली चार माणसे पाणी शोधत निघतात: पुढे भंडारदऱ्याची ठाकर राहीबाई, मागे चर्चचा घंटावाला, एक मुसलमान नालबंद आणि सोनईची शेतकरीण. पारदर्शक तावांवर रेषा समोरून, रंग पाठीमागून. राहीचा रंग तू खऱ्या राहीबाईचे मनगट बशीशेजारी धरून कालवलास, तेव्हा ती म्हणाली होती की, बाई, येवढी काळी नगा करू, मी आंघुळ करून आल्ये.

मुंबईच्या चित्रपट कंपनीतल्या तुझ्या भावाच्या पत्राची वाट पाहतो आहे. पडद्यावर तुझे नाव यावे, एवढीच माझी इच्छा उरली आहे.

तुझा,
पीटर


मुंबई,
ता. ११ मार्च १९७३

ती. दाजींच्या सेवेशी सप्रेम सलाम, वि. वि.

आम्ही उभयता खुशाल. रेबेका विचारते की, दाजी जेवतात की नुसत्या चहावरच भागवतात?

बातमी बरीही आहे आणि वाईटही. आमच्या कंपनीचे मालक अक्काचा चित्रपट पुरा करून थिएटरात लावायला तयार आहेत. तिचे नाव पहिल्याच पाटीवर येईल. अट एकच, राही गोरी हवी. काळ्या बाईच्या मागे प्रेक्षक चालत नाही, तिला मागे हंडे वाहायला ठेवा, असे ते म्हणतात. शिवाय विचारले, जग संपल्यावर नगर जिल्हाच तेवढा कसा उरला? मी सांगितले, आम्हांला दुष्काळाची सवय आहे. ते हसले, पण अट सोडली नाही.

नाही म्हटले तर चित्रपट पेटीतच राहील. म्हणून राहीचे ताव कोमट पाण्याने धुऊन पाठवा; नवा रंग येथे देऊ. पाठीमागूनच पुसा, दाजी. मागून नुसते डाग दिसतात, चेहरा दिसत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

आपला,
जॉर्ज


अहमदनगर,
ता. २५ मार्च १९७३

चि. जॉर्ज यास अनेक आशीर्वाद.

तुझ्या सूचनेप्रमाणे मी घमेले मांडले. झुंबरबाईंनी टँकरवरून आणलेली घागर दिली आणि विचारले, मानसं आंघुळीवाचून हायती, आन् तुमी चितरं धुता व्हय? मी पाणी घमेल्यात ओतले.

पहिला ताव पालथा धरला. तुझे म्हणणे खरे होते, नुसते डाग दिसले. परंतु पालथा धरलेल्या तावाची समोरची बाजू पाण्याकडे असते, हे तुझ्या किंवा माझ्या ध्यानात आले नव्हते. घमेल्याच्या पाण्यातून राही माझ्याकडे पाहत होती. फडके हातातच राहिले.

नंतर मी भंडारदऱ्यास जाऊन राहीबाईला विचारले. दुष्काळी कामावर खडी फोडताना ती म्हणाली, मला गोरी केली तर माजी शेळीबी वळखायची न्हाई. पन बाईंचं नाव येत आसंल तर करा, मास्तर, माजं काय जातंय? 

तिने संमती दिली. हन्नाने दिली नसती. मालकांना नकार कळवावा. ताव न धुता पेटीत भरून रवाना केले आहेत. पुढे कधी तुझ्या हातून ते पुरे झाले, तर पुढे राहीच चालेल. मजवर रागावलास तरी लोभ ठेव.

तुझा,
पीटर पारधे


अहमदनगर,
ता. ३१ मार्च १९७३

हन्ना पीटर पारधे हिस,

सप्रेम सलाम. तुझे नाव पडद्यावर येणार नाही. मालकांनी विषय संपवला. जॉर्ज माझ्यावर रागावला आहे. रेबेका मात्र लिहिते की, पेटी त्याने कोणाला न सांगता पलंगाखाली ठेवली आहे आणि परवा राहीचा एक ताव काढून खिडकीशी धरून बसला होता.

पाटीवर यायचे नाव मी या पत्राच्या माथ्यावर पूर्ण लिहिले आहे. यापुढेही पूर्णच लिहीन.

घागरीचे पाणी झुंबरबाईंना परत दिले. त्यांनी ते हुंगून रांजणात ओतले. खोली झाडली. बशीत राहीचा रंग वाळून बसला होता. ती बशी तेवढी बरोबर घेतली. दाराला कुलूप लावले. किल्ल्या झुंबरबाईंना परत केल्या.