फौजदारी न्यायाची पदवी आणि शेरीफच्या कचेरीतला फोन

तीर्थस्वरूप व्हर्लिनमामा यांना, केंटकीच्या डोंगरातून तुमची भाची रेलीन हिचा वाकून नमस्कार. ओपलमामीलाही तो पोचवा, आणि मोठ्याने पोचवा, कारण तिची कानातली मशीन हल्ली पर्समध्येच असते असं ऐकते. इकडे सगळं ठीक आहे. आईची साखर ताब्यात आहे (ती सांगते तेवढी नाही, डॉक्टर सांगतात तेवढी), कुत्र्याचं लंगडणं थांबलं, आणि तुम्ही फ्लोरिडाला जाण्याआधी लावलेलं सफरचंदाचं झाड यंदा पहिल्यांदा फळाला आलं. फळं आंबट आहेत, पण आईने भावाच्या हातचं म्हणून तीन बरण्या मुरंबा केला आहे. तुमचा गुडघा कसा आहे? तिथल्या उकाड्यात तो दुखत नाही असं तुम्ही सांगता आणि दुखतो असं मामी सांगते, तेव्हा दोघांपैकी कोणीतरी एकदा खरं लिहा.

आता बातमी. मामा, उभे असाल तर बसून घ्या. मी कॉलेजात जाते आहे. या वयात, डोक्यात पांढरे केस असताना, फौजदारी न्यायाची पदवी घ्यायला. घरबसल्या, कॉम्प्युटरवर. तुमचं नाक आत्ता कसं फुरफुरलं ते मला इथे ऐकू आलं. पुस्तकात बोट घालून चोर सापडत नाही, हे तुमचं वाक्य मला पाठ आहे. पण मला चोर पकडायचाच नाही, मला जॉर्जिआनबाईंची खुर्ची हवी आहे.

जॉर्जिआनबाई तुम्हाला आठवत असतील. कोर्टाने तुरुंगात न टाकता सोडलेल्या पोरांवर लक्ष ठेवणाऱ्या आपल्या प्रोबेशन ऑफिसर, ज्या पोरांच्या घरी न सांगता जातात आणि चुलीवर काय शिजतंय ते झाकण उचलून बघतात. दोन वर्षांनी त्या निवृत्त होणार. त्यांनी मला चर्चच्या जेवणात, केळ्याच्या पुडिंगच्या रांगेत, कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाल्या, "रेलीन, माझ्या जागी मला तूच हवीस, जजबाईंचंही तेच म्हणणं आहे. पण सरकारी नियम आहे, पदवी पाहिजे. तुझं कॉलेज अर्धं झालेलं आहे ना? मग उरलेलं अर्धं उरक की बाई." एवढं बोलून त्या पुडिंग घेऊन गेल्या. मी मात्र तिथेच उभी राहिले, आणि मागचे लोक माझ्या डोक्यावरून हात घालून वाढून घ्यायला लागले.

मामा, तुम्ही जन्मभर शेरीफच्या पोलिसगाडीत होतात, म्हणून तुम्हाला हे कळणार नाही. मी त्याच कचेरीत नऊ-एक-एकच्या, तातडीच्या मदतीच्या फोनवर बसते. मला रोज गोष्टीची सुरुवात मिळते. बाई सांगते, नवरा दार तोडतोय. मी विचारते, पोरं कुठे आहेत, घरात बंदूक आहे का, मागचं दार उघडतं का. मी तिला श्वास घ्यायला सांगते, आणि तेवढ्यात तुमच्यासारख्यांची गाडी दारात येते, बाई म्हणते, "आले," आणि फोन बंद. पुढे काय झालं ते मला कधी कोणी सांगत नाही. दारामागे रडणारी पोरं पुढे कुठे गेली, कशी वाढली, काही नाही. इतकी वर्षं नुसत्या सुरुवाती ऐकून माझा जीव कावलाय. जॉर्जिआनबाई ती पोरं बघतात, त्यांच्या शाळेत जातात, त्यांच्या लग्नाला जातात. मला ते पाहिजे. आता ही खुर्ची हुकली तर पुढे तिथे कोणीतरी तिशीतला बसेल आणि माझी वेळ येईपर्यंत मला कवळी बसलेली असेल.

तर एका रविवारी सकाळी, सगळा जिल्हा चर्चमध्ये आणि चोरही झोपलेले, अशा निवांत वेळी मी कचेरीतल्या कॉम्प्युटरवर लिहिलं की नोकरी सांभाळून करता येईल अशी फौजदारी न्यायाची स्वस्त ऑनलाइन पदवी पाहिजे. मामा, गुळाला मुंगळे कमी लागतात. एक पान उघडलं, त्यावर पदवीची टोपी उडवणारी एक बाई हसत होती, आणि खाली लिहिलं होतं, फक्त तुमची माहिती भरा, देशभरातल्या कॉलेजांची तुलना आम्ही करून देतो. मी नाव भरलं, गाव भरलं, आणि मग फोन नंबर. इथे माझं घोडं पेंड खायला लागलं. इतकी वर्षं मी लोकांना एकच सांगत आले आहे, तुम्ही नक्की सापडाल असा नंबर द्या. आता मी नक्की कुठे सापडते? घरी आई फोन उचलू देत नाही. मोबाइल कायम गाडीत विसरलेला. मी सापडते ती कचेरीत. तेव्हा इमानेइतबारे मी शेरीफच्या कचेरीचा साधा नंबर लिहिला (तातडीचा नाही, एवढी अक्कल होती) आणि बटण दाबलं.

सोमवारी सकाळपासून जिल्ह्यातल्या कोणाचीही गाय रस्त्यावर आली तरी त्याला आमचा फोन लागेना. ओहायोची कॉलेजं, टेक्ससची कॉलेजं, एक कॉलेज तर असं की ते नक्की कोणत्या राज्यात आहे हे फोन करणाऱ्या बाईलाही सांगता आलं नाही. सगळे रेलीनला विचारत होते आणि सगळ्यांना माझी स्वप्नं जाणून घ्यायची होती. मी दोन चोऱ्या आणि एक अपघात यांच्या मधे बसून माझी स्वप्नं सांगत होते. जेवणाच्या सुट्टीत मी मक्याचा पाव आणि घेवडा खायला गेले आणि फोन शेरीफ डेन्व्हरने उचलला. परत आले तर तो रिसीव्हर छातीशी धरून माझ्याकडे बघतोय. "रेलीन, ही कोण बाई आहे? मला विचारते, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता. मी म्हटलं, निवडणुकीत पडलो तर घरी." मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तो म्हणाला, "थांब, ती म्हणते माझ्यात सुप्त गुण आहेत. सतरा वर्षांत इथे मला असं कोणी म्हणालं नव्हतं." आणि त्याने पुन्हा फोन कानाला लावला. नर्सिंगची माहितीपत्रकं पाठवायच्या यादीत त्याचं नाव गेलं ते गेलंच. अजून त्याला पत्रं येतात आणि तो ती फेकत नाही.

या सगळ्यांत ट्रेंट नावाचा एक पोरगा होता, एका भल्यामोठ्या जाहिरातवाल्या कॉलेजचा. तो दिवसातून इतके वेळा फोन करायचा की मला त्याचा खोकला ओळखू यायला लागला. एकदा त्याने नेहमीचं सुरू केलं, आजच निर्णय घ्या, जागा भरत आल्यात (कॉम्प्युटरवर कसल्या आल्यात जागा?), आणि मधेच त्याचा आवाज कापला. आता मामा, आवाज कापला की माझं तोंड माझ्या ताब्यात राहत नाही. मी विचारलं, "तुम्ही आत्ता कुठे आहात?" तो म्हणाला, गाडीत. "गाडी चालू आहे का? सोबत कोणी आहे? तुम्ही सुरक्षित आहात ना?" मग तो पोरगा हमसून रडायला लागला. म्हणाला, मला कामावर लागल्यापासून कोणी उलट प्रश्न विचारलाच नाही. त्याने स्वतः त्याच कॉलेजची हीच पदवी घेतली होती. पोलिसात जायचं होतं, पण त्या पदवीला कोणी विचारेना, तेव्हा त्याच कॉलेजने त्याला फोनवर बसवलं, दुसऱ्यांना तीच पदवी विकायला. मी त्याला श्वास घ्यायला सांगितलं, गाडीची काच खाली करायला सांगितली, पाणी प्यायला लावलं. शांत झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे येऊ नका."

मग त्यानेच मला शहाणं केलं. म्हणाला, जे फोन करतील त्या प्रत्येकाला तीनच गोष्टी विचारा. तुमची मान्यता कोणाची आणि माझं सरकार ती मानतं का? माझी जुनी दोन वर्षं सगळीच्या सगळी धरणार का? आणि एका विषयाचे पैसे किती ते राहू द्या, पदवी हातात पडेपर्यंत एकूण किती? मामा, हे तीन प्रश्न मी वहिवाटीच्या भांडणात विचारते तसे ठासून विचारायला लागले आणि बघता बघता फोन ओसरले. एकाने मान्यतेबद्दल विचारताच विषय बदलून हवामान काढलं. एकाचे पैसे खरोखर कमी होते, पण वरून तंत्रज्ञानाचे वेगळे, वाचनालयाचे वेगळे, आणि पार्किंगचे वेगळे. मी म्हटलं, मी माझ्या स्वयंपाकघरात बसणार आहे, माझी गाडी माझ्याच अंगणात असते. ती बाई म्हणाली, ते सगळ्यांनाच लागतं.

शेवटी काय झालं सांगू? काखेत कळसा आणि गावाला वळसा. डोंगरापलीकडचं आपलं सरकारी कॉलेज, ज्याच्या फुटबॉल संघाला तुम्ही टीव्हीसमोर उभं राहून शिव्या द्यायचात, तेच ही पदवी ऑनलाइन देतं. आई हे पहिल्या दिवसापासून सांगत होती, पण आईचं ऐकायचं तर ती पुढे सहा महिने तेच सांगत बसते, म्हणून मी आधी सगळा देश पालथा घातला. तिथे फोन केला तर दुसऱ्या घंटीला एका खऱ्या बाईने उचलला आणि मला एकही स्वप्न विचारलं नाही. शेरीफकडे काम करणाऱ्यांना फी निम्मी आहे. माझं नऊ-एक-एकचं प्रशिक्षणसुद्धा त्यांनी अभ्यासात धरलं. आणि जुनी दोन वर्षं सगळी धरली, अगदी खुंट्या पाडायच्या त्या बोलिंगच्या खेळासकट. आठवतं ना, शेजारच्या पट्टीवर ड्वेन चेंडू टाकायचा म्हणून मी बोलिंगचा विषय घेतला होता? त्याच्याशी लग्न टिकलं नाही, पण त्या विषयाचं क्रेडिट टिकलं. आईने हे ऐकून मुरंब्याची नवी बरणी उघडली.

वर्ग सुरू होऊन आठवडा झाला आणि मी हवेत तरंगते आहे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर, समोर पडद्यावर चौकटीचौकटीत माझ्यासारखीच जाणती माणसं: एक तुरुंगातला पहारेकरी, एक मॉलची रखवालदारीण, एक सैनिक, एक आजीबाई ज्यांना नातवाचा खटला समजून घ्यायचा आहे. पहिल्याच दिवशी माझ्यामागून आई झोपायच्या कपड्यांत कॉफी घेऊन गेली, थांबली, आणि प्राध्यापकांना म्हणाली, "पोरगी हुशार आहे, पण पटकन उत्तर देते, जरा थांबवत चला." वर्ग हसला, मी लाजून टेबलाखाली जायची बाकी होते. पण प्राध्यापकांनी ते लिहून घेतलं आणि आता खरंच मला थांबवतात. कायदा कुठे वाकतो आणि कुठे वाकवायचा नसतो यावर आम्ही भांडतो. मामा, मला वाचलेलं समजतंय. मला वाटलं होतं डोकं गंजलं असेल, पण नाही गंजलं. मी अगदी आनंदात आहे हे सरळच लिहिते. जॉर्जिआनबाई भेटल्या की नुसता अंगठा वर करतात.

आता पुरे करते. तब्येतीला जपा, मामीला मशीन कानात घालायला सांगा, आणि माझ्या पदवीला हसायचं असेल तर हसा, पण दोन वर्षांनी टोपी उडवायच्या वेळी पहिल्या रांगेत बसायला या.

तुमची भाची,
रेलीन

ता.क. ट्रेंटने ती नोकरी सोडली. त्याच्या आईचं माहेर आपल्याच डोंगरातलं निघालं, तेव्हा शेरीफ डेन्व्हरने त्याला मुलाखतीला बोलावलं आणि कामावर घेतलंसुद्धा. म्हणाला, जो पोरगा एकाच बाईला चाळीस वेळा फोन करून एकदाही चिडत नाही त्याला नऊ-एक-एकच्या खुर्चीत बसवायलाच हवं. सध्या तो आमच्या वरच्या खोलीत राहतो आणि आईच्या हातचं चार माणसांचं खातो.

ता.क. दुसरं. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं, पण वर कुठे घालावं ते सुचेना. आमचा पहिला गृहपाठ असा आहे: नोकरीतल्या किंवा निवृत्त पोलिसाला गाठा, आणि आज पुन्हा वेळ आली तर तो वेगळा वागेल अशी एक अटक त्याच्याकडून ऐका. मी तुमचं नाव देऊन मोकळी झाले आहे. तुम्ही म्हणणार, तीस वर्षांत अशी एकही नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाला जेवणाच्या टेबलावर तुम्ही हे दरवर्षी म्हणता आणि आम्ही माना डोलावतो. पण मला टोबी साइझमोरची ऐकायची आहे. सोळा वर्षांचा होता, आजोबांचा ट्रक न विचारता घेऊन गेला होता. आजोबांचा तो फोन मीच घेतला होता, मामा, नोकरीच्या पहिल्या वर्षी. "पोराला जरा दटावा आणि घरी आणून सोडा," एवढंच म्हणाले होते ते, आणि मी ते शब्द जसेच्या तसे वायरलेसवरून तुमच्या गाडीत पोचवले होते. तो सुधारगृहात गेला हे गावाला माहीत आहे. तुमच्या वाटेवर आजोबांचं घर लागत होतं, ओसरीवर दिवा लावून ते उभे होते, आणि तरी तुम्ही गाडी तिकडे का वळवली नाहीत, ते कोणालाच माहीत नाही. मला तुम्हाला दोषी ठरवायचं नाही. उद्या तशीच पोरं माझ्या ताब्यात येणार आहेत आणि तेव्हा गाडी कुठे वळवायची हे मला शिकायचं आहे. ते पुस्तकात नाही, ते तुमच्याकडे आहे.

ता.क. तिसरं. नाही म्हणू नका, कारण मी मामीशी आधीच बोलले आहे. ती म्हणाली, मशीन पर्समध्ये असते म्हणून तुझ्या मामाला वाटतं मला काही कळत नाही, पण मी ओठ वाचते. रोज जेवणाआधी प्रार्थनेत तो आम्हा सगळ्यांची नावं मोठ्याने घेतो आणि शेवटी एक नाव नुसतं ओठांनी घेतो. गेली अठरा वर्षं ते नाव टोबी आहे. रविवारी चर्चनंतर फोन करते, कॉफी करून बसा.