तुम्ही तोडलेली तार

अण्णा,

तुम्हाला पत्र लिहायची मला हौस नाही. तुम्ही होता तेव्हा तुमच्याशी बोलायची सोय नव्हती, आणि गेल्यावर गरज वाटली नाही. आज लिहायला बसले ती भांडायला. भांडण रंगात आलं की तुम्ही उठून मागच्या खोलीत जायचात आणि आतून कडी लावून घ्यायचात. आता ते जमणार नाही. मेलेल्या माणसाशी भांडण्यात एवढा एकच फायदा आहे आणि तो मी पुरेपूर घेणार आहे.

तुमचा रेडिओ मी चालू केला. इतकी वर्षं तो ताडपत्रीत गुंडाळून ठेवला होता. आई त्याला धूळ लागू देत नव्हती आणि मला हात लावू देत नव्हती. यंदा दिवाळीच्या साफसफाईत तिनंच मागच्या खोलीची किल्ली माझ्यापुढं टाकली. "विकून टाक न्हाई तर चालू कर," म्हणाली, "ते ताडपत्रीतलं मडं लय दिवस सांभाळलं मी." विकायचं माझ्या मनात येऊन गेलं. पण विकला असता तर त्याच्यावरून बोलायचं राहूनच गेलं असतं, आणि ते मला या जन्मात राहू द्यायचं नव्हतं. हौशी रेडिओचं, म्हणजे घरून हवेत बोलायचं, लायसन आता माझ्याकडंही आहे. तुम्ही गेल्यावर पुष्कळ वर्षांनी, कुणाला न विचारता, हैदराबादला जाऊन परीक्षा देऊन आले. पण माझा सेट हातात मावणारा, त्याचा आवाज वसमत रस्त्याच्या पलीकडं पोचत नाही. लांब बोलायचं तर तुमच्याच दारात यावं लागणार होतं. हेही तुमच्यासारखंच झालं.

तो रविवार तुम्ही विसरला असाल, म्हणून आठवण करून देते. मी डिप्लोमाला होते. घरात जुना कॉम्प्युटर घेतलेला. कॉलेजच्या वाचनालयात एका मासिकात मला आकृती सापडली होती. तुमच्या सेटच्या पाठीमागं एक गोल सॉकेट होतं, तुम्ही त्यावर चिकटपट्टी लावून ठेवली होती. त्यातून एक केबल कॉम्प्युटरला जोडली की सेटची फ्रिक्वेन्सी पडद्यावर दिसते, कॉम्प्युटरवरून बदलता येते, एवढंच काय, बोलायचं बटणसुद्धा तिकडून दाबता येतं. ती केबल मी स्वयंपाकघरात पाटावर बसून बनवली. आई भाकरी थापत होती आणि माझ्या सोल्डरच्या धुरानं खोकत होती. अण्णांना दाखवायचं, अण्णा खूश होतील, असं माझ्या डोक्यात होतं. आयुष्यात मी जे जे मूर्खपण केलं त्यात त्या विचाराचा नंबर फार वरचा लागतो.

रविवारी सकाळी तुमचं नेट चालू होतं. महाराष्ट्रातले तुमच्यासारखे वीस-पंचवीस जण रोज सकाळी एका फ्रिक्वेन्सीवर जमायचे, एक जण हजेरी घ्यायचा, बाकीचे आपली पाळी आली की बोलायचे. पाळीला वेळ होता म्हणून तुम्ही सेट चालू ठेवून आंघोळीला गेलात. मी सॉकेटवरची चिकटपट्टी काढली, केबल लावली आणि कॉम्प्युटर सुरू केला. सेटवरचा लाल दिवा आपोआप लागला. लाल दिवा म्हणजे सेट आता ऐकत नाही, बोलतोय. बटण कुणीच दाबलेलं नव्हतं, पण माइक उघडा होता आणि आपलं घर हवेत गेलं होतं. कुकरची शिट्टी गेली. मी "अगं बाई, अगं बाई" करत होते ते गेलं. आणि नेमकी त्याच वेळी आई मोरीच्या दारापाशी उभी राहून तुमच्या नावानं ओरडली, "त्या डबड्यापुढं बसायला टाइम हाय, आठ दिवसानं नळ आलाय तर पाणी भरायला न्हाई! लय मोठे हवेत बोलणारे!" तेही गेलं. सगळं गेलं, नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत.

तुम्ही ओलेत्या अंगानं, टॉवेलवर, धावत आलात. केबल अशी ओढलीत की सेट टेबलावर सरकला. मग माइक उचललात आणि तुमच्या त्या ठेवणीतल्या मराठीत बोललात. मी दाराशी उभी होते, मला शब्द अन् शब्द पाठ आहे. "सर्व मित्रांची माफी मागतो. घरातल्या मुलीनं नको तिथं हात घातला. आता ती या टेबलापाशी पुन्हा दिसणार नाही, हा शब्द देतो." माझ्याशी बोललात ते नंतर आणि घरच्या भाषेत. "देवानं कान कशाला दिलेत? मशीनच्या नादी लागलीस. तुझ्याच्यानं हे काम व्हायचं न्हाई." संध्याकाळी खोलीला कुलूप लागलं. पुढच्या महिन्यात हैदराबादला लायसनची परीक्षा होती, तिला मी आणि तुमच्या ऑफिसातल्या मित्राचा मुलगा असे दोघं तुमच्यासोबत जाणार होतो. तुम्ही त्याला घेऊन गेलात. स्टेशनवर तुम्हाला डबा द्यायला मला पाठवलंत, हे मात्र कमाल केलंत. गाडी हलली तेव्हा तो खिडकीतून मला हात करत होता आणि तुम्ही पेपर उघडून बसला होता.

तुमचं ते वाक्य मी पुढं बरंच वापरलं. तुझ्याच्यानं व्हायचं नाही, तुझ्याच्यानं व्हायचं नाही, असं मनात म्हणत काम करते. काम कोणतं, ते तर तुम्ही कधी विचारलंच नाहीत. मानवत, पाथरी, सेलूच्या जिनिंगांवर कापसाच्या गाड्या ज्या काट्यावर वजन करतात, त्या काट्याचं मशीन कॉम्प्युटरला जोडते. तसंच पोर्ट, तशाच तारा. सीझनमध्ये काटा बंद पडला की गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत जाते, शेतकरी बोंब मारतात, मुनीम मला फोन करतो, "ताई, काटा बोलंना झालाय, या बिगीनं." मी जाते, केबिनच्या फरशीवर पालथी पडते आणि काटा बोलता करून येते. तुम्ही ओढून काढलेल्या त्या केबलनं माझं घर चालवलं, अण्णा. तुम्ही नाही.

तर तुमचा सेट. मी आता बाजारातून नवी केबल आणली, एका टोकाला यूएसबीवाली. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून एरियलच्या जागी तो जिरवणारी डबी लावली. सॉकेटवर तुमची चिकटपट्टी पुन्हा बसलेली होती, नीट, कोपरे दाबून. आधी सेट आणि कॉम्प्युटर एकमेकांशी बोलेचनात. पोर्टचा नंबर चुकला होता, तो बदलला. तरी पडद्यावर शून्यच. मग लक्षात आलं की सेट जुना आहे, सावकाश बोलतो, आणि सॉफ्टवेअर घाईत आहे. दोघांचा वेग एक केला आणि पडद्यावर आकडे उमटले. सेटचं बटण फिरवलं की आकडे पळतात, इकडं आकडा टाकला की सेट आपण होऊन तिथं जाऊन बसतो. एवढं सोपं, एवढं गोड आहे ते. हे बघायला तुम्ही त्या दिवशी पाच मिनिटं थांबला असतात तर काय बिघडलं असतं?

मग मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला आणि लाल दिवा लागला. मी अशी दचकले की खुर्ची मागं गेली. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई मी, दाराकडं बघायला लागले. मग स्वतःवरच चिडून खाली बसले आणि विचार केला. कॉम्प्युटर सुरू होताना पोर्टाच्या एका तारेत आपसूक वीज सोडतो, सेटला वाटतं कुणी बटण दाबलं. बस, एवढंच. सॉफ्टवेअरमध्ये एक खूण काढली, कॉम्प्युटर सुरू होईस्तोवर सेट बंद ठेवायचा असं ठरवलं, विषय संपला. माझी केबल बरोबर होती. आकृतीतली एक तार तेवढी नको होती, आणि ते त्या वेळी परभणीत कुणालाच माहीत नसणार, तुम्हालाही नाही, असं मी धरून चालले. त्या संध्याकाळी, खरं सांगते, तुम्हाला माफ करण्याच्या मी अगदी जवळ आले होते.

दुसऱ्या दिवशी फ्यूज शोधायला टेबलाचा खण उपसला तर तळाशी माझी जुनी केबल. पाटावर बसून बनवलेली. तिच्या टोपणाचे स्क्रू माझे नव्हते. उघडून बघितलं. सगळ्या तारा जागेवर, एक तेवढी तोडलेली. तीच. तोडलेल्या टोकावर मेणाच्या दोऱ्याचे वेढे आणि वर गाठ. चिकटपट्टी ही आळशी माणसाची, तारेला दोराच बांधावा, असं ऑफिसच्या वर्कशॉपमध्ये पोरांना ऐकवणारे या जिल्ह्यात एकटे तुम्हीच होता.

केबल घेऊन मी आईपुढं गेले. ती मेथी निवडत होती. एक नजर टाकली आणि पुन्हा मेथीकडं बघत म्हणाली, "सापडली का."

"तुला म्हाईत होतं?"

"तू कॉलेजला गेली की तुझा कॉम्प्युटर लावून बसायचे ते. दोन दिवस त्या लाल बत्तीला बघायले होते. मग मला म्हणले, पोरीचं बराबर होतं, एक तार तेवढी वंगाळ हाय."

"कधी? परीक्षेच्या आधी का नंतर?"

आईनं एक काडी उगाच दोनदा तोडली. "आधी. तिकिटं काढायच्या आधी."

"मग मला का न्हाई नेलं?"

"शब्द देऊन बसले होते ना चारचौघात. माघारी कसा घ्यावा? मी म्हणलं पोरीला तरी सांगा. तर म्हणले, तू बी सांगू नको." मग पुढची जुडी ओढत म्हणाली, "आन् माझा आवाज गेला होता ना हवेत. त्याचा राग काढला तुझ्यावर. माझ्यावर कसा काढायचा, मी बोलले ते खरंच होतं की."

त्या रात्री जेवले नाही. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा जेवले होते.

चूक झाली असती तर सोडून दिलं असतं, अण्णा. पण तुम्हाला कळलं होतं. तुम्ही ती तार शोधलीत, तोडलीत, दोरा बांधलात, आणि दुसऱ्याच्या पोराला घेऊन गाडीत बसलात. वीस-पंचवीस माणसांपुढं तुमचा शब्द खाली पडू नये म्हणून. मग मी ठरवलं, जिथं शब्द दिला होतात तिथंच जाऊन तो खाली पाडायचा. रविवारी एरियल जोडली, कॉम्प्युटरवरून सेट नेटच्या फ्रिक्वेन्सीवर नेला आणि हजेरी घेणाऱ्यानं नवीन कुणी आहे का विचारल्यावर लायसनवरचं माझं कॉलसाइन दिलं. हजेरी घेणारे तेच होते, आवाजानं ओळखले, आता फार थकलेत. परभणी म्हटल्यावर म्हणाले, "परभणी! कितीतरी वर्षांनी. त्यांच्या कोण तुम्ही?" मुलगी, मी म्हणाले. आणि घोकून ठेवलेलं सगळं बोलून टाकलं. त्यांना म्हटलं, त्या रविवारी तुमचं नेट बिघडलं ते माझ्या हातानं नाही, केबलमधल्या एका तारेनं. माझ्या वडलांना ते समजलं होतं आणि त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही.

मग म्हातारा अगदी मायेनं म्हणाला, "ताई, कोणता रविवार? उघड्या माइकवर तर रोज कुणाच्या ना कुणाच्या घरचं ऐकू येतं." मग त्यांनी बाकीच्यांना विचारलं. जुने तिघं-चौघं होते. कुणालाच आठवत नव्हतं. एकानं तर विचारलं, त्या सेटवर अजून पॉवर पूर्ण निघते का.

ऐकलंत ना? ज्यांच्यासाठी मला स्टेशनवर ठेवून गेलात, ते त्या दिवशी जेवायला बसेस्तोवर सगळं विसरले होते. लक्षात ठेवणारे आपण दोघंच.

आता रोज सकाळी जाते नेटवर. राग गेलेला नाही, जाणार नाही, तुम्ही वाट बघू नका. हे पत्र टाकायचं तरी कुठं, म्हणून ते इथंच राहील. एक गोष्ट आईलाही सांगितलेली नाही. हजेरीत म्हातारा "परभणी?" म्हणतो तेव्हा मी लगेच बटण दाबत नाही. तुम्ही बोलाल म्हणून थांबते.