बंद खिडक्यांचं पॉलिश

३ जून

चि. चिंगीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तू बशीत मेंदूच्या पेशी वाढवतेस, त्यांना विष घालतेस आणि मग त्या वाचाव्यात म्हणून औषध देतेस. म्हणजे आधी पायावर धोंडा टाकायचा, मग मलम चोळायचं. याचा पगार मिळतो हे वाचून मी गार पडले.

माझं फर्निचरचं काम जोरात आहे. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून खिडक्या बंदच ठेवते. थिनरच्या वासाने तुझ्या आईचं डोकं उठतं. मला तर तो आता येतही नाही. परवा गंमत झाली. आदल्या दिवशी तयार केलेलं टेबल जुनं समजून मी पुन्हा खरवडून काढलं, आणि गिऱ्हाईक दारात. म्हटलं, तुमच्यासाठी दुप्पट मेहनत घेतेय. तो खूश झाला. वय झालं, दुसरं काय.

पत्राचा आळस करू नकोस.
तुझी आत्या

११ जून

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

टेबलाचं वाचून इथे मैत्रिणी हसल्या. मला हसू आलं नाही. वर्षानुवर्षं थिनर हुंगला की मेंदूच्या पेशींना जणू आतून गंज चढतो. वास न येणं आणि टेबल विसरणं, दोन्ही वयावर ढकलू नकोस.

माझ्या बश्यांचं ऐक. विषाच्या आधी औषध दिलं तेव्हा दहापैकी आठ बश्या जगल्या. नंतर दिलं तेव्हा एक. ते औषध अजून माणसांसाठी नाही, तेव्हा बाटली मागू नकोस. तुझं औषध म्हणजे उघडी खिडकी, वाफ अडवणारा मास्क आणि डॉक्टर. धूळ बसली तर बसू दे. एक दिवस तू मलाच ओळखणार नाहीस, याची मला भीती वाटते.

रागाव खुशाल, पण लोभ आटू देऊ नकोस.
तुझी चिंगी

२५ जून

चि. चिंगीस, आशीर्वाद.

तुला शिंगं फुटलीत. तरी खिडक्या उघडल्या. कपाटावर धूळ बसली, वर एक माशीही चिकटली. गिऱ्हाइकाला म्हटलं, नक्षीचे वेगळे पैसे घेत नाही. मास्क लावून मी दरोडेखोर दिसते, त्यामुळे घासाघीस मात्र बंद झालीय.

टेबलाच्या दिवशी मी घाबरले होते, म्हणून गंमत म्हणून लिहिलं. काल डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी तीन शब्द सांगितले आणि पाच मिनिटांनी परत विचारले. खुर्ची आठवली, नदी आठवली. तिसरा काही केल्या येईना, म्हणून ठोकून दिलं, चिंगी. त्या म्हणाल्या, चुकलं. मी म्हटलं, असू दे, पण लिहून ठेवा आणि दर खेपेला हाच शब्द विचारा. हा आला नाही, तर तिला बोलावून घ्या.

जमेल तशी येऊन जा.
तुझी आत्या