मागच्या दाराचं कुलूप

१४ जानेवारी, मंगळवार

चालत्या गाडीत मागचं दार उघडलं! बंदराच्या वळणावर. एकदम मानेवर गार वारा आला. मागे बघते तर सरकतं दार सताड उघडं, आणि हे सीटची कड धरून बसलेले. खाली सिमेंटचा कठडा, त्याच्या खाली समुद्र. ब्रेक दाबला. उतरून दार ओढलं तर मुकाट्याने लागलं.

"पट्टा लावला होतात ना?"

"लावला होता."

पट्टा तर मांडीवर सुटून पडलेला. घाबरून हात लागला असेल.

डायलिसिसला वीस मिनिटं उशीर. नर्सने नुसतं घड्याळाकडे बघितलं.

आठ दिवस झाले फक्त रिकॉलचं काम करून! कंपनीचंच पत्र आलं होतं — मागच्या दारांची कुलपं सदोष आहेत, मोफत बदलून देऊ. बदलून आणली तेव्हापासून हे सुरू. गाडी जरा वेगात वळली की मागचं कुलूप टक् करून आपोआप सुटतं. बटण दाबून लावावं, की पुन्हा टक्.

१५ जानेवारी, बुधवार

दोघं शोरूमला गेलो. काउंटरवर निशिगाकी नावाचे गृहस्थ. दोन तास गाडी आत ठेवली, मग यंत्रातून निघालेला कागद हातात दिला. सगळीकडे हिरव्या खुणा.

"बाई, तीनदा तपासलं. दोष आढळला नाही." कमरेत वाकले.

"अहो, पण कुलूप सुटतं. मी रोज ऐकते."

"आमच्यासमोर नाही सुटलं. आपल्याला त्रास झाला, क्षमा असावी." पुन्हा वाकले.

इतक्या अदबीने बोलणाऱ्या माणसाशी भांडायचं तरी कसं? कॉम्प्युटरमध्ये आमचा रिकॉल 'पूर्ण' झालाय. पूर्ण झालेलं काम पुन्हा उघडायचं तर दोष सापडायला हवा. दोष सापडत नाही. संपलं!

मग म्हणाले, "लहान मुलांसाठीची खिट्टी लावून देतो. आतून कुणी कितीही ओढलं तरी दार उघडणार नाही."

यांचा चेहरा लाल झाला. "मी काय बालवाडीत जातो?"

चाळीस वर्षं स्वतःची बोट घेऊन माकुळ मासळी मारायला समुद्रात जाणारा माणूस. परक्यांसमोर त्यांचा पाणउतारा मला बघवला नाही. नको म्हटलं.

१६ जानेवारी, गुरुवार

टक्. टक्. जाताना सात वेळा, येताना चार. मोजण्यापलीकडे माझ्या हातात काय आहे?

१८ जानेवारी, शनिवार

ओसाकाहून मिनाकोचा फोन. "आई, बसने का नेत नाहीस बाबांना?" बस बंद होऊन दीड वर्ष झालं, लेकीला पत्ताच नाही! आठवड्यातून तीनदा, एकेका बाजूला पन्नास मिनिटं. एकही फेरी चुकवून चालत नाही.

मी म्हटलं, तुम्ही पुढे बसा. "पाय लांब करता येत नाही," म्हणाले. खरं आहे, डावा पाय सुजून खांबासारखा झालाय.

म्हणून दोर. पडवीत बोटीचा जुना दोर होता. दाराची आतली मूठ आणि माझ्या सीटचा खांब, मध्ये दोर ताणून बांधला. हे बघत उभे होते. "गाठ मी मारून देऊ?" म्हणालेसुद्धा नाहीत.

२१ जानेवारी, मंगळवार

शेजारच्या यासुएने दोर बघितला. "काय गं सुमिए, आत बैल बांधलायस की नवरा?"

"हल्ली फरक कळत नाही बाई!"

दोघी पोट धरून हसलो. किती दिवसांनी हसले! हे खिडकीतून बाहेर बघत होते.

२३ जानेवारी, गुरुवार

बर्फ. चाळीसच्या पुढे गाडी नेली नाही. दोराने काम केलं. यांनी दुपारी भात पानातच टाकला. आताशा टाकतातच. दिवसभराचं मोजून दिलेलं पाणीसुद्धा उरतं. आधी त्याच पाण्यासाठी भांडायचे माझ्याशी.

२५ जानेवारी, शनिवार

पुन्हा उघडलं. पुलावर.

मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला म्हणून कळलं. दोर सुटून खाली पडलेला. माझीच गाठ कच्ची! हे दाराच्या अगदी कडेला सरकले होते. मी गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. मोठ्याने, लाजबीज सोडून. मला एक दार नीट बंद ठेवता येत नाही. कुणाला सांगू? ज्यांना सांगते ते वाकतात.

मागून हे म्हणाले, "रडू नकोस, सुमिए." उतरले. दार स्वतः लावलं. स्वतः पुढे येऊन बसले. पाय दुमडून, दात आवळून, रुग्णालयापर्यंत.

२७ जानेवारी, सोमवार

शोरूमच्या दारात उभी राहिले. बसा म्हणाले, बसले नाही. चहा आणला, घेतला नाही. म्हटलं, तुमच्यातलं कुणीतरी माझ्या गाडीत बसा आणि बंदरापर्यंत चला. नाहीतर मी इथून हलत नाही.

शेवटी आतून एक जुने मेकॅनिक हात पुसत आले, होरिए नावाचे. "मी येतो, वहिनी. इसाओंच्या बोटीचं इंजिन मी बघायचो."

बंदराचं वळण. टक्! होरिए दचकले. "आलं," म्हणाले. "पुन्हा एकदा वळवा." पुन्हा टक्!

मला वेड लागलेलं नाही. गाडी तिथेच ठेवली, दुसरी दिली वापरायला.

२९ जानेवारी, बुधवार

सापडलं! नवं कुलूप बसवताना आत एक वायर चेपली गेली होती. वळणावर दार जरा हललं की ती पत्र्याला टेकून कुलूप सुटायचं. निशिगाकी स्वतः घरी आले, मिठाईचा खोका घेऊन. इतके वाकले की टाळू दिसली. मी मनातल्या मनात त्यांना खूप बोलून घेतलं. तोंडाने म्हटलं, "आलात, बरं वाटलं."

३१ जानेवारी, शुक्रवार

गाडी आणायला एकटीच गेले. होरिएंनी दार उघडून, लावून दाखवलं. मग आजूबाजूला बघून आवाज खाली केला.

"वहिनी, कुलूप सुटत होतं, हे तुमचं अगदी खरं. आमची चूक. पण नुसतं कुलूप सुटलं म्हणून दार सरकत नाही. दार धरून ठेवणारा आकडा वेगळा, तो शाबूत आहे. आतली मूठ ओढावीच लागते." मुठीकडे बोट केलं. "दोन्ही वेळा ती ओढली गेली."

घरी कशी आले आठवत नाही. हे टीव्हीसमोर बसले होते. "झाली का नीट?" म्हणाले. मी "हो" म्हटलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

पुढेच बसवलं, शेजारी. पुलाच्या अलीकडे गाडी कडेला घेतली आणि विचारलं, मूठ का ओढलीत.

मग म्हणाले, "पहिल्यांदा नुसता समुद्र जवळून बघायचा होता."

"आणि दुसऱ्यांदा?"

माझा हात घट्ट धरून बसले. रुग्णालयाला फोन करून सांगितलं, उशीर होतोय, आणि आज डॉक्टरांशी बोलायचंय. "पुन्हा दार का हो?" नर्सने विचारलं.

"नाही," मी म्हटलं.