आदल्या दिवशीचा फोन

पोंते द ओर्बा,
९ फेब्रुवारी १९९८

प्रिय झुल्मिरा,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

आठवतं का गं, कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरामागच्या पायरीवर गुरुवारी दुपारी आपण दोघी मटार सोलायला बसायचो? मी सोललेले दाणे टोपात टाकायचे आणि तू तोंडात. सिस्टर एंग्रासिया टोपात डोकावायची, मग तुझ्या फुगलेल्या गालांकडे बघायची आणि यंदा पीकच कमी दिसतंय, एवढं म्हणून निघून जायची. आज सकाळपासून उगाच तेच डोळ्यांसमोर येतंय.

अगदी उगाचही नाही म्हणा. शुक्रवारी आडेलिनुच्या नावाने संसदेचा लिफाफा आला. तुमच्या चौकशी समितीने त्याला बारा मार्चला साक्षीला बोलावलंय आणि खाली सचिव म्हणून तुझी सही आहे. पोस्टमन दारातच उभा राहून म्हणाला, बाई, बहीण भावाला बोलावतेय, जेवायला की काय? मी म्हटलं, तू पुढचं घर गाठ बाबा.

गेल्या ऑगस्टमध्ये नदीत पोहलेली अकरा पोरं अंगभर फोड येऊन इस्पितळात गेली, त्यात आमच्या शेजारच्या लुर्देसची नातही होती. तिच्या पायांवरचे डाग अजून तसेच आहेत. लोकर रंगवणाऱ्या ओर्बालान गिरणीचं पाणी नदीत सोडतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पण बारा वर्षं जलखात्याच्या कागदांवर नदी स्वच्छच आहे. आणि ते पाणी बाटल्यांत भरून तपासायला नेणारा निरीक्षक म्हणजे आपला आडेलिनु. तेव्हा लोक बोलणारच.

मला मात्र काळजी नाही. त्याने त्या गिरणीतून लोकरीचा एक धागाही कधी घरी आणला नाही. आईवडिलांमागे मी या धाकट्या भावाला वाढवलंय, मला माहीत आहे. अगं, इतका सरळ माणूस की बारा वर्षांत एकदाही न सांगता कुणाच्या दारात गेला नाही. दर वेळी आदल्या दिवशी गिरणीत फोन करायचा, उद्या सकाळी दहाला येतो म्हणून. असा सभ्य अधिकारी तुमच्या लिस्बनमध्ये असेल तर दाखव मला. हे जमल्यास तुमच्या अध्यक्षबाईंच्या कानावर घाल.

गुडघ्याला तेल लावतेस ना? लोभ वाढला नाही तरी चालेल, आटू मात्र देऊ नकोस.

तुझी,
हेर्मिनिया

---

लिस्बन,
१३ फेब्रुवारी १९९८

प्रिय हेर्मिनियाताई,
नमस्कार. आठ महिन्यांनी मोठी आहेस, म्हणून आज मुद्दाम ताई म्हणतेय. कारण पुढचं बोलणं धाकटीने थोरलीशी बोलायचं नाही.

तुझ्या पत्रातली फोनची ओळ मी तीनदा वाचली. तुला ती भावाची थोरवी वाटली. ताई, जलखात्याचा नियम असा आहे की निरीक्षकाने न कळवता जायचं. कुणालाही, कधीही, अगदी दारावरच्या पहारेकऱ्यालाही न कळवता. तपासणीचा सगळा अर्थ तेवढ्यातच आहे. तू जे सभ्यपण म्हणून लिहिलंस, त्याच्यासाठीच ही समिती गेले चार महिने कागद उलटतेय, आणि तू ते मला तिकीट लावून घरपोच पाठवलंस.

मी तुझी मामेबहीण आहे आणि समितीची सचिवही. चौकशीबद्दल माझ्या हाती आलेला कागद दडवायचा नाही, अशी शपथ घेतली आहे. म्हणून मी काय करणार ते आत्ताच सांगते. बारा तारखेला आडेलिनुने हे स्वतःच्या तोंडाने सांगितलं तर तुझं पत्र घरचं पत्र राहील. नाही सांगितलं, तर ते मी अध्यक्षबाई दोना तेल्मांच्या टेबलावर ठेवीन आणि नोकरीचा राजीनामा त्याच्याच शेजारी. त्याच्या साक्षीच्या वेळी मी खोलीबाहेर बसणार आहे. नातं असल्याचं मी त्यांना कळवलंय.

त्याला यातलं काय सांगायचं ते तू ठरव. समितीत काय विचारतील ते मी सांगणार नाही. एवढंच सांगते की साक्षीदाराची खुर्ची करकरते, त्याने घाबरू नये.

गुडघा म्हातारा झालाय, मी नाही. रागावली असशील तर रागावून लिही, पण लिही.

झुल्मिरा

---

पोंते द ओर्बा,
२० फेब्रुवारी १९९८

प्रिय झुल्मिरा,
नमस्कार. रागावले होते. दोन दिवस तुझं पत्र पावाच्या डब्याखाली दाबून ठेवलं होतं. तिसऱ्या दिवशी वाटलं, ही मुलगी माझ्याशी जेवढं सरळ बोलली तेवढं अख्ख्या गावात कुणी बोललं नाही.

तेही आता खरं ठरलं. कुंपणावरून मी लुर्देसला विचारलं, गिरणीत निरीक्षक येणार हे आधी कळायचं का गं? ती कपडे वाळत घालता घालता हसायलाच लागली. म्हणाली, बाई, माझा जावई तिथे नऊ वर्षं होता. उद्या साहेब येणार म्हटलं की संध्याकाळी रंगाच्या टाक्या बंद आणि वरच्या बंधाऱ्याचं दार उघडं. सकाळपर्यंत नदी कशी धुतल्यासारखी. मी म्हटलं, मग मला कधी बोलली नाहीस? तर म्हणे, तुमच्याच घरातून फोन जायचा, तुम्हाला कोण सांगणार? मला वाटलं तुम्ही जाणता. आणि मग तिने नातीची चादर झटकून दोरीवर टाकली.

झुल्मिरा, तुला ग्रासिंदा आठवते, आपल्या वर्गातली, शिवणकामात कायम पहिली येणारी. आता गिरणी तिची. आडेलिनु नोकरीत लागला त्या वर्षी तो नियमाप्रमाणे एकदाच न सांगता तिथे गेला होता, मागच्या पत्रात ते मी विसरलेच. पुढच्या रविवारी चर्चच्या दारात ग्रासिंदाने मला थांबवलं. म्हणाली, तुझ्या भावाला जरा रीत शिकव. आम्ही काय चोर आहोत? आदल्या दिवशी एक फोन केला तर कॉफी तरी तयार ठेवता येईल. मला इतकी लाज वाटली की घरी येऊन तिचं बोलणं ऐकवून मी त्याला सूप वाढायच्या आधी फैलावर घेतलं. लोकांच्या दारात पोलिसासारखा उभा राहतोस? मी तुला हेच शिकवलं का? तो म्हणाला, ताई, नियम तसा आहे. मी म्हणाले, नियम करणाऱ्यांना आई नव्हती वाटतं. त्या दिवसापासून तो फोन करतो.

काल ग्रासिंदा आली होती, मार्मेलादाची गोड वडी घेऊन. गोड बोलत होती. म्हणे, आडेलिनुने आपण न कळवता जात होतो एवढंच सांगावं. फोनचं कुठे लिहिलेलं आहे? त्याचं पेन्शन वाचेल आणि माझ्या दोनशे माणसांची नोकरीही. मी वडी तिच्याच हातात परत दिली. म्हटलं, आम्ही हल्ली गोड खात नाही.

तुझी अट मी आडेलिनुला सांगितलेली नाही, ग्रासिंदा आली होती तेवढं सांगितलं. धाकाने निघालेलं खरं त्याच्या पदरात नको. तो बोलेल. मी वाढवलंय त्याला, चुकीचं शिकवलं तेही त्याने मनापासून पाळलं. बरोबर शिकवलेलं का विसरेल?

तुझ्या शपथेला माझा नमस्कार सांग.

हेर्मिनिया

---

लिस्बन,
१३ मार्च १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागदपत्रांसाठी आणखी चार दिवस इथे थांबावं लागेल. फोन केला असता, पण आता फोनला हात लावावासा वाटत नाही. म्हणून लिहितो.

आत जाण्याआधी खात्याच्या वकिलाने मला एक चिठ्ठी दिली होती: सर्व भेटी नियमानुसार झाल्या. म्हणाला, हे एकच वाक्य म्हणा, दुसरं काही आठवत नाही म्हणा, सगळे सुखाने घरी जातील. मी ती घडी करून खिशात ठेवली. दाराबाहेर झुल्मिराताई बाकावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, भिंतीवरचं घड्याळ बघत होती. खुर्ची करकरली. मला का कोण जाणे लुर्देसच्या नातीचे पाय आठवले, आणि अध्यक्षबाईंनी पहिला प्रश्न पुरा करायच्या आत मी सांगून टाकलं की मी दर वेळी आदल्या दिवशी फोन करून जात होतो.

खोलीत एकदम गलका झाला. आमचे महासंचालक तिथेच बसले होते. ते तत्परतेने उभे राहून म्हणाले की हा धक्कादायक प्रकार खात्याला आजच कळतो आहे आणि दोषी कर्मचाऱ्यावर कडक कारवाई होईल. मी म्हटलं, साहेब, आज कसं कळेल? मी दर वेळी लिहून दिलंय.

ताई, तू लहानपणी म्हणायचीस ना, जे केलं ते लिहून ठेव. भेटीच्या तक्त्यात तळाला शेऱ्याचा रकाना असतो. त्यात मी प्रत्येक वेळी लिहिलं होतं: काल दुपारी अमुक वाजता गिरणीस फोनने कळवले. त्या पहिल्या भेटीनंतरचे बारा वर्षांचे अठ्ठेचाळीस तक्ते, प्रत्येकावर मुख्य कार्यालयाचा शिक्का आणि सही. मला खरंच वाटायचं, चूक असतं तर वरून कुणी तरी बोललं असतं. अध्यक्षबाईंनी तक्ते तिथल्या तिथे मागवले. वीस मिनिटं सगळे पानं उलटत होते. मग त्यांनी महासंचालकांना विचारलं, हे कुणी वाचलं? ते म्हणाले, वर्षाला नऊ हजार तक्ते येतात. बाईंनी विचारलं, त्यातले किती वाचता? त्यांनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिले.

माझी चूक माझीच आहे, त्याची शिक्षा होईल ती होवो. पण ती एकट्याची राहिली नाही.

शेवटी एका खासदाराने विचारलं, फोन करायला गिरणीने सांगितलं होतं का? मी म्हणालो, नाही. म्हटलं, ती माझीच सवय.

जेवण बरं आहे, पण सुपात मीठ घालायला इथे विसरतात.

तुझा,
आडेलिनु

---

पोंते द ओर्बा,
२८ मार्च १९९८

प्रिय झुल्मिरा,
सप्रेम नमस्कार. वि. वि.

आडेलिनु घरी आलाय. बाजारात दोघं त्याच्याशी बोलत नाहीत आणि बाकीचे सगळे एकदमच बोलतात. लुर्देसने कुंपणावरून कोबीचा गड्डा दिला. तो त्याने दोन्ही हातांनी घेतला.

परवा ग्रासिंदाची साक्ष झाली, ती बातम्यांत पाहिली. छान दिसत होती, राखाडी झगा, मोत्यांची माळ. म्हणाली, निरीक्षक फोन का करायचे ते त्यांनाच ठाऊक. आम्ही कधी मागितलं नव्हतं. टाक्या त्या दिवशी बंद असायच्या हा योगायोग. निरीक्षकांनी स्वतः शपथेवर सांगितलंय ना, ती त्यांची सवय होती?

मी टीव्ही बंद केला आणि आडेलिनुला विचारलं, तू नाही असं का सांगितलंस? तो बूट पुसत बसला होता. मान वर न करता म्हणाला, हो म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न कुणाचं नाव घेऊन आला असता, ताई?

म्हणजे बघ. खात्याला घाबरला नाही, महासंचालकांना घाबरला नाही, आणि मला वाचवायला एवढंसं खोटं बोलला. त्याच एवढ्याशा भोकातून अख्खी गिरणी बाहेर पडू पाहतेय. खात्याने वाचलं नाही हे सिद्ध झालं. पण फोन कुणी मागितला आणि कशासाठी, हे सांगणारं माणूस जगात एकच आहे, आणि ती मी. चर्चच्या दारात दुसरं कुणी ऐकायला नव्हतं.

मी सासष्ट वर्षांची आहे. चाळीस वर्षं शाळेत या गावातल्या मुलांना मी दारावर टकटक करायला शिकवलं, ते चुकीचं नव्हतं. पण घराचं दार वेगळं आणि नदीत पाणी सोडणाऱ्या गिरणीचं दार वेगळं, हे मला समजायला अकरा मुलांच्या अंगावर फोड यावे लागले. ते मी दोना तेल्मांसमोर त्या करकरत्या खुर्चीत बसून सांगायला तयार आहे. बोलावणं पाठव. सही तुझीच हवी. पोस्टमनला दाखवायची आहे.

ग्रासिंदाशी बोलणं संपेल, ते मला कळतं. रविवारी ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसेल. बसू दे, बाक लांब आहे.

आता हे नीट वाच आणि असंच कर.

माझं नऊ फेब्रुवारीचं आणि वीस फेब्रुवारीचं, अशी दोन्ही पत्रं नोंदवहीत चढव आणि मूळ कागद दोना तेल्मांच्या हाती दे. मटार आणि गुडघा काढून टाकू नकोस. कागद अर्धा दिला की लोक उरलेल्या अर्ध्यात काय असेल ते शोधतात. हे तिसरंही त्यांनाच. पोराने खोटं का सांगितलं ते त्यात आहे. त्याचा दोष लावायचा तर त्यांनी लावावा, पण कारण वाचून लावावा.

एक प्रत महासंचालकांना, पोचपावती घेऊन. वाचलं का, ते आठवड्याने पुन्हा विचार.

एक प्रत मला पाठव. ती शाळेच्या फलकावर लावीन, अकरा मुलांच्या आयांना येता जाता दिसेल अशी. लुर्देसला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, तिला वेगळी, मोठ्या अक्षरात.

ग्रासिंदाची प्रत टपालाने नको. मी स्वतः नेऊन देईन.

आणि आडेलिनुला काहीच पाठवू नकोस. तो आत्ता बागेत पाणी घालतोय. आत आला की शेजारी बसवून हे सगळं मीच त्याला वाचून दाखवणार आहे. मी चुकले, हे त्याने समितीच्या कागदात वाचू नये. ते त्याने माझ्या तोंडून ऐकावं.

तुझ्या लोभावर हक्क सांगणारी,
हेर्मिनिया