उजव्या अंगठ्याची बासष्ट दिवसांची गैरहजेरी

प्रति,
मा. विभागीय प्रशिक्षण अधिकारी,
राष्ट्रीय तंत्रकौशल्य विकास कार्यक्रम,
विभागीय कार्यालय, दुसरा मजला.

विषय : वर्गात रोज येऊनही हजेरी शून्य टक्के भरली असली तरी अंतिम परीक्षेस बसू देण्याबाबत.

संदर्भ : १) आपले पत्र, जावक क्र. ४१२ (अर्जदार गैरहजर असल्याबाबत).
२) आपले पत्र, जावक क्र. ४१३ (अर्जदाराने हजर राहण्याबाबत).

महोदय,

१. अर्जदार कपड्यांच्या कारखान्यात गेली सव्वीस वर्षे शिलाई यंत्रांची दुरुस्ती करते. पुढील महिन्यात तेथे संगणकावर चालणारी यंत्रे येत आहेत. ज्यांच्याकडे आपल्या कार्यक्रमाचे प्रमाणपत्र असेल ते दुरुस्ती विभागात राहतील, बाकीचे दोरे कापायच्या टेबलावर जातील, असे व्यवस्थापकांनी सांगितले आहे. दोरे कापणे कमी प्रतीचे काम आहे असे मी म्हणत नाही. माझी जाऊ तेच करते आणि तिच्यासमोर असे म्हणण्याची माझी हिंमतही नाही. परंतु मला यंत्रे उघडायला आवडतात. अर्जात लिहिण्याजोगे हे कारण नसले तरी खरे कारण हेच आहे.

२. सबब मी संगणकीय यंत्र दुरुस्तीच्या वर्गात प्रवेश घेतला. केंद्रात हजेरी भिंतीवरच्या अंगठ्याच्या यंत्रावर लागते, तीही सकाळी नऊ ते सव्वानऊ एवढ्याच वेळात. पहिल्याच दिवशी यंत्र बंद पडले. मागचे झाकण आधीपासूनच गायब होते, त्यामुळे मी ते उघडले असा ठपका येऊ नये. मी फक्त हात मागे घालून चाचपले. काचेकडून आत जाणारी चपटी वायर तिच्या खाचेत सैल झाली होती. ती उजव्या अंगठ्याने दाबून धरताच यंत्रात जीव आला. माझ्याखेरीज चाळीस प्रशिक्षणार्थी आणि आम्हाला शिकवणारे निदेशक अशी सर्वांची हजेरी लागली. मग माझी लावण्यासाठी मी अंगठा काढला आणि यंत्र बंद पडले. नोंदणी माझ्या त्याच अंगठ्याची आहे.

३. यावर आपण विचाराल की डाव्या अंगठ्याने का दाबत नाही. डाव्यात बारा वर्षांपूर्वी सुई आरपार गेली होती, तेव्हापासून त्याच्या टोकाला काही कळत नाही. ही वायर कमी दाबली तर चालत नाही, जास्त दाबली तर रुसते. कापडाची घडी, काडी, खोडरबर, सगळे घालून पाहिले. एक दिवस निदेशकांनी स्वतः दाबून पाहिले, तेव्हा चाळीस जण गैरहजर लागले आणि वर्गाचे तोंड दिवसभर उतरलेले होते. दुसऱ्या दिवशी निदेशक म्हणाले, "मावशी, तुमचा हात लागल्याशिवाय आमचं गाडं पुढे सरकायचं नाही." मला बरे वाटले, हे मी लपवत नाही. तेच माझे चुकले.

४. डाव्या अंगठ्याची नोंदणी करून घ्यावी असा अर्ज मी दिला होता. नोंदणीत बदल करण्यासाठी पंचाहत्तर टक्के हजेरी आवश्यक असल्याचे खिडकीवर सांगण्यात आले. यंत्र दुरुस्त करून मिळावे असा दुसरा अर्ज दिला. त्यावर, सदर वर्गाची हजेरी उत्तम असल्याने यंत्र सुस्थितीत आहे, तसेच गैरहजर प्रशिक्षणार्थीस केंद्रातील यंत्राविषयी माहिती असण्याचे कारण नाही, असे उत्तर आले. नवी खाच मी स्वतः आणून बसवते असे तिसऱ्या अर्जात लिहिले. यंत्रास हात लावण्याचा अधिकार केवळ प्रमाणपत्रधारकास आहे, असे कळवण्यात आले. प्रमाणपत्र परीक्षेनंतर मिळते आणि परीक्षेला हजेरी लागते. इथे मी हात टेकले.

५. दरम्यान, प्रवेश अर्जात संपर्कासाठी मी मुलाचा नंबर दिला होता. तो नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी असतो. त्याला रोज साडेनऊला संदेश जातो की आपली प्रशिक्षणार्थी आज गैरहजर आहे. पहिले काही दिवस तो हसला. मग एकदा गंभीर आवाजात फोन करून म्हणाला, "आई, खरं सांग, वर्गाच्या नावाखाली तू जातेस कुठे?" त्याने ते आत्याला सांगितले, आणि आमच्या नणंदबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही. आता सासूबाई मी डबा घेऊन निघाले की दारापर्यंत येतात आणि मी कोणत्या दिशेला वळते ते पाहतात. लग्नाला तीस वर्षे झाल्यावर अर्जदाराविषयी घरात असे कुतूहल निर्माण झाले, याचे श्रेय आपल्या कार्यक्रमास द्यावे लागेल.

६. काल आपली दोन पत्रे एकाच टपालाने आली. क्र. ४१२ अन्वये, बासष्टपैकी शून्य दिवस हजेरी असल्याने मला सोमवारच्या परीक्षेस बसता येणार नाही. क्र. ४१३ अन्वये, परीक्षेच्या दिवशी हजेरी यंत्र अखंड चालू राहणे गरजेचे असल्याने, सदर यंत्राच्या अनुभवी जाणकार म्हणून मी सकाळी पावणेनऊला केंद्रात उपस्थित राहावे. दोन्हींवर आपलीच सही आहे. पहिले पत्र वाचून मी रडले आणि दुसरे वाचून हसले. सासूबाईंनी दोन्ही वाचून घेतली आणि प्रथमच माझ्या बाजूने बोलल्या. त्या काय बोलल्या ते अर्जात लिहिता येत नाही.

७. वर्गाचे म्हणणे होते की मी सोमवारी जाऊच नये, म्हणजे सगळ्यांचे डोळे उघडतील. मला ते पटले नाही. त्यात एक जण दोन बसगाड्या बदलून येतो, एकीचे तान्हे मूल शेजारणीकडे असते. त्यांची परीक्षा मी बुडवणार नाही. सोमवारी मी पावणेनऊला येईन आणि शेवटच्या माणसाची हजेरी लागेपर्यंत वायर दाबून धरीन.

८. सव्वानऊला यंत्राची वेळ संपते. त्यानंतर माझा अंगठा मोकळा असतो. तेवढ्यापुरते मला आत येऊ द्यावे आणि शेवटच्या बाकावर एक प्रश्नपत्रिका ठेवावी. पेपर साडेनऊला आहे, म्हणजे मला उशीरही होणार नाही. हजेरी नाही लागली तरी चालेल, मला उत्तरे येतात.

कळावे, ही विनंती.

आपली नम्र व कागदोपत्री गैरहजर,
(सही)
प्रशिक्षणार्थी क्र. १७
दिनांक : १४, शुक्रवार

सोबत :
१) संदर्भातील दोन्ही पत्रांच्या प्रती.
२) "मावशी रोज आमच्या आधी आल्या आणि आमच्या नंतर आत बसल्या" असे वर्गाचे लेखी निवेदन, चाळीस सह्यांसह. खाली एक्केचाळिसावी सही निदेशकांची आहे.